अग्रशाळेतला एस्परांतोचा तास

गोव्यातल्या कुठल्याही मराठी मंडळाच्या वार्षिक संमेलनात दोन गोष्टी ठरलेल्या. अहवालवाचन लांबणार आणि नाटक उशिरा सुरू होणार. आमचं मंडळ त्याला अपवाद नव्हतं. गाव फोंडा तालुक्यातलं, म्हणजे जुन्या अंत्रुज महालातलं. मंडळाचं वाचनालय देवळामागच्या एका खोलीत, आणि संमेलन देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या जागेत, डिसेंबरात, मुक्तिदिनाच्या आधीच्या रविवारी. सकाळी सरस्वतीपूजन, मुलांची भाषणं, बायकांच्या फुगड्या, दुपारी पंगत, रात्री संगीत नाटक. चारचौघांसारखंच सगळं. फक्त आमच्या पत्रिकेत अहवाल आणि पंगत यांच्या मध्ये एक ओळ असायची, ती पंचक्रोशीत दुसऱ्या कुठल्या मंडळाच्या पत्रिकेत सापडली नसती: 'एस्परांतो, अर्धा तास'.

बाहेरगावचे पाहुणे ते वाचून विचारायचे, हा कुठला नवीन वाद्यप्रकार? आम्ही पोरं ऐटीत सांगायचो, भाषा आहे, जगाची भाषा.

ती गावात आणली निवृत्त पोस्टमास्तरांनी. आम्ही सगळे त्यांना नुसतं मास्तर म्हणायचो. तरुणपणी मुंबईत नोकरीला असताना त्यांच्या हाती एक पुस्तिका लागली, तिच्यावरून ते शिकले, आणि पुढं जन्मभर पत्रं लिहीत राहिले. बल्गेरिया, हंगेरी, जपान. ज्या माणसांची तोंडं कधी पाहिली नाहीत त्यांच्या घरातली आजारपणं आणि लग्नं मास्तरांना ठाऊक होती. संमेलनाला येताना ते कापडी पिशवीतून वर्षभरात आलेली पत्रं आणायचे. तिकिटं आधीच पाण्यात भिजवून, सोडवून, वहीच्या कागदात ठेवलेली असत, ती मुलांना मिळायची. पत्रं मात्र हातात द्यायचे नाहीत. स्वतः वाचून दाखवायचे. वर निळ्या शाईत लिहिलेलं असायचं 'कारा आमीको', म्हणजे प्रिय मित्रा, आणि पुढच्या ओळीत बसलेले, पोर्तुगीज अमदानीत सेगुंद ग्राव ही पोर्तुगीज शाळेची परीक्षा झालेले आजोबा लगेच मान डोलवायचे, "आमिगो, आमिगो."

संमेलनाचा मुहूर्त मास्तरांच्या पथ्यावर पडायचा. ही भाषा घडवणारे डॉक्टर झामेनहॉफ यांचा जन्म १५ डिसेंबर १८५९चा. जगभरचे एस्परांतोवाले त्या सुमाराला ठिकठिकाणी जमतात आणि एखादं पुस्तक विकत घेतात असा रिवाज आहे. मास्तर दरवर्षी वाचनालयाला एक पुस्तक द्यायचे, बहुतेक मराठीच. एस्परांतोची पुस्तकं महाग पडतात, म्हणायचे.

झामेनहॉफ हे डोळ्यांचे डॉक्टर. जन्मगाव ब्यालिस्तोक, तेव्हा रशियन साम्राज्यात, आता पोलंडमध्ये. तिथं रशियन, पोलिश, जर्मन आणि ज्यूंची यिडिश अशा चार भाषा एकाच बाजारात, आणि प्रत्येकाचा दुसऱ्यावर दात. लहानपणी हे बघून त्या मुलाच्या मनानं घेतलं की सगळ्यांना सारखीच परकी आणि सारखीच सोपी अशी एक भाषा हवी. १८८७ साली वॉर्सात त्यांनी चाळीस पानांचं एक पुस्तक छापलं, तेही टोपणनावानं: डॉक्टर एस्परांतो, म्हणजे आशा धरणारा. पुढं तेच भाषेचं नाव पडलं. आम्हाला हे समजायला फार जड गेलं नाही. घरात कोकणी, आरतीला आणि शाळेत मराठी, कोर्टाच्या जुन्या कागदांत पोर्तुगीज आणि नोकरीच्या अर्जात इंग्रजी, हे आमच्याकडे रोजचंच.

पण अर्ध्या तासातली पहिली दहा मिनिटंच इतिहासाची. मग मास्तर फळा पुढं ओढायचे आणि खेळ सुरू व्हायचा.

पहिला खेळ मोजणीचा. उनु, दु, त्रि, क्वार, क्विन, सेस, सेप, ओक, नाउ, देक. सगळी अग्रशाळा एका सुरात. 'त्रि'ला भटजी खूश आणि 'नाउ'ला सगळेच, कारण तो आमचा नऊच. त्या आकड्यावर छप्पर उडेल असं ओरडायचं ही गावाची प्रथाच पडली. पंगतीची तयारी करणाऱ्या बायकासुद्धा आतून खोबरं किसता किसता ओरडायच्या. पुढं 'मी' शिकवायची तर गरजच नव्हती. एस्परांतोतही मी म्हणजे मीच.

दुसरा खेळ शब्द जोडण्याचा, आणि मला वाटतं सगळी मोहिनी यातच होती. नाम असेल तर शेवटी ओ, विशेषण असेल तर आ. एकही अपवाद नाही. 'माल' आधी लावलं की अर्थ उलटा. बोना चांगला, मालबोना वाईट. युना तरुण, मालयुना म्हातारा. मास्तर फळ्यावर एक लांबलचक शब्द लिहायचे, 'मालसानुलेयो', आणि खडूनं उभ्या रेघा मारून त्याचे तुकडे पाडायचे. सान म्हणजे निरोगी. माल लागला, आजारी झाला. उल म्हणजे तशी व्यक्ती. एय म्हणजे जागा. ओ म्हणजे नाम. आजारी माणसांची जागा, इस्पितळ! मग पोरांची झुंबड. फिशो म्हणजे मासा, तर मासळीबाजार काय? "फिशेयो!" मास्तर हसायचे. कळलं, पण विकायची जागा म्हणायची असेल तर मध्ये 'वेंद' घाला: फिशवेंदेयो. त्यानंतर कित्येक दिवस आम्ही फोंड्याच्या मासळीबाजाराला फिशवेंदेयोच म्हणायचो, आणि बस तिथं थांबली की कंडक्टर आमच्याकडे बघत राहायचा.

या खेळात एक गंमत होती, ती मला मोठेपणी, स्वतः शाळेत शिकवायला लागल्यावर उमगली. पुण्यामुंबईचे पाहुणे आले की आमच्या मराठीचा हेल काढून दाखवायचे. इंग्रजीच्या तासाला आमच्या वर्गात मौनव्रत असायचं. अग्रशाळेत मात्र जी पोरं कधी तोंड उघडत नसत, ती हात वर करून शब्द बनवायची. ती भाषा त्या खोलीत कुणाच्याच आईची नव्हती. मग हसणार कोण आणि कुणाला?

आक्षेप नव्हते असं नाही. सेगुंद ग्राववाले आजोबाच एकदा उठले. लिब्रो, ग्रांदा, मारो, आक्वो, सगळं त्यांना न शिकवता कळत होतं, आणि त्याचाच त्यांना संशय आला. "मास्तरा, हें सगळें पाकल्यांचेंच मरे!" गोऱ्यांचंच सामान, नवीन पेटीत. अग्रशाळा खदखदली. मास्तरांनी ते नाकारलं नाही. शब्द बहुतेक युरोपातलेच आहेत, लॅटिनच्या घरचे जास्त, थोडे जर्मन, थोडे स्लाव, असं सरळ सांगितलं. जपानी माणसाला ते शिकायला आपल्यापेक्षाही जास्त कष्ट पडतात, तरी तो शिकतो आणि मला पत्र लिहितो, एवढंच त्यांचं उत्तर. मला विचाराल तर आजोबांचा मुद्दा आजही बिनतोड आहे. सगळ्यांना सारखीच परकी, हे पूर्ण खरं नाही. पण व्याकरणात कुणाचीच खोड नाही, न पाळता येणारा एकही नियम नाही, हेही तितकंच खरं.

सगळ्यात रंगलं ते वचनपत्राचं वर्ष. १८८७च्या त्या पहिल्या पुस्तकात झामेनहॉफनी वाचकांसाठी चिठ्ठ्या छापल्या होत्या. एक कोटी लोकांनी असंच वचन दिलं तर मीही ही भाषा शिकेन, अशी त्यावर सही करून धाडायची. म्हणजे फुकट कष्ट कुणाचेच नकोत. मास्तरांनी तशाच मराठी चिठ्ठ्या सायक्लोस्टाइल करून आणल्या आणि पंगतीआधी वाटल्या. आमचे खजिनदार म्हणजे गावातले पसरकार, मिरची-गुळापासून रॉकेलपर्यंत सगळं विकणारे, आणि एस्परांतोचे कट्टर टवाळ. चिठ्ठी हातात घेऊन त्यांनी मोठ्यानं हिशेब मांडला. गोव्याची वस्ती दहा लाख. एक कोटी म्हणजे दहा गोवे. "इथं एका गावाची वर्गणी गोळा होत नाही, मास्तर, तुम्ही दहा गोवे कुठून आणणार?" मास्तरांनी सांगितलं की झामेनहॉफनाही एक कोटी मिळाले नाहीत. दोन वर्षांनी त्यांनी शिकलेल्यांची यादी छापली, त्यात हजार नावं होती. "हजार?" खजिनदार थबकले. "हजार म्हणजे वाईट नाही." आणि सही करून मोकळे झाले. हिशेबी माणूस, एक कोटी होणार नाहीत याची खात्री झाल्यावरच त्यानं वचन दिलं.

१९८६च्या डिसेंबरात संमेलन झालं नाही. ज्यांनी ते दिवस गोव्यात काढले त्यांना कारण सांगायला नको. राजभाषा कोकणी की मराठी हा वाद पेटलेला, रस्ते अडवलेले, गाड्या बंद. आमच्या घरात वडील एका बाजूला आणि धाकटे काका दुसऱ्या. भांडत मात्र दोघंही कोकणीतूनच, आणि वर्तमानपत्राला पत्रं धाडायची ती दोघंही मराठीतून. ४ फेब्रुवारी १९८७ला विधानसभेत राजभाषेचा कायदा झाला, कोकणी राजभाषा आणि सरकारी कामात मराठीचाही वापर. ३० मे रोजी गोवा घटक राज्य झालं. कागदावर मिटलं. गावात मिटायला वेळ लागला.

त्या वर्षीच्या डिसेंबरात संमेलन पुन्हा भरलं. माणसं आली, पण सतरंजीवर मधोमध मोकळी वाट ठेवून दोन बाजूंना बसली. मास्तरांनी फळा पुढं ओढला नाही. ते संमेलनांचीच गोष्ट सांगायला लागले. एस्परांतोवाल्यांचं पहिलं जागतिक संमेलन फ्रान्समधल्या बुलोन या बंदरात, १९०५ साली. वीस देशांतले ६८८ लोक. तोवर ही भाषा बहुतेक कागदावरच होती. समोरच्याला आपलं बोलणं कळेल का याची धाकधूक घेऊन माणसं आली होती, आणि कळलं. त्यानंतर दरवर्षी नव्या गावी संमेलन. १९१४ला पॅरिस ठरलं. साडेतीन हजारांवर लोकांनी नावं नोंदवली. उघडायच्या दिवसांतच महायुद्ध सुरू झालं. झामेनहॉफ निघाले होते, जर्मनीत कोलोनपर्यंत पोचले होते, तिथून माघारी फिरावं लागलं. पुढच्या वर्षी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला जेमतेम दीडशेवर माणसं जमली. "पण जमली," मास्तर म्हणाले, आणि अग्रशाळेत नजर फिरवून, "आज आपण जवळपास तेवढेच आहोत." १९८७ हे भाषेचं शंभरावं वर्ष, आणि त्या उन्हाळ्यात वॉर्साला सहा हजारांच्या आसपास लोक जमले होते हेही त्यांनी सांगितलं. एका पत्रमित्राचं तिथून आलेलं कार्ड त्यांनी पहिल्यांदाच हातोहात फिरवायला दिलं. ते मधली वाट ओलांडून पलीकडे गेलं आणि परत आलं.

त्या पंगतीत वडील आणि काका शेजारी बसले असं लिहायला मला आवडलं असतं. नाही बसले. खतखतं आणि मणगणं दोघांनी दोन टोकांना खाल्लं. पण जेवणानंतर पोरांनी हट्टानं मोजणी घ्यायला लावली, तेव्हा 'नाउ'ला दोघंही ओरडले.

एस्परांतो जगाची भाषा होईल असं मास्तरांना शेवटी शेवटी वाटत होतं का, माहीत असण्याइतकी मी त्यांच्या जवळची नव्हते. युनेस्कोनं १९५४ साली माँटेव्हिडिओला ठराव करून या भाषेच्या कामाची दखल घेतली, विनोबांनीसुद्धा ती शिकायला घेतली होती, हे ते अभिमानानं सांगायचे. हिटलर आणि स्टालिन दोघांनीही एस्परांतोवाल्यांना छळलं, झामेनहॉफची धाकटी मुलगी लिडिया त्रेब्लिंकाच्या छळछावणीत मारली गेली, हे मात्र एकदाच सांगितलं, मुलं अंगणात गेल्यावर. माझं मत विचाराल तर जागा इंग्रजीनं कधीच बळकावली आहे आणि ती कुणी सोडवून देणार नाही. तरी ज्या भाषेला ना देश, ना सैन्य, ना सरकारी नोकरी, ती सव्वाशेहून जास्त वर्षं टिकली ती कशावर? वर्षातून एकदा जमणाऱ्या माणसांवर. आमच्या मंडळालाही याहून दुसरा आधार कुठं आहे?

मास्तर गेल्यावर पत्रिकेतली ती ओळ दोन-चार वर्षं रिकामी ठेवली, मग तिथं प्रश्नमंजुषा आली. प्रश्नमंजुषा चांगली असते. बक्षिसं असतात.

गेल्या संमेलनात माझी भाची मोबाइलवर काहीतरी पुटपुटत बसली होती. ड्युओलिंगोवर २०१५पासून एस्परांतो आहे, ती इंग्रजीतून शिकतेय. म्हणजे जगाची भाषा शिकायला आधी इंग्रजी यायला हवी, मास्तरांनी यावर काय म्हटलं असतं कोण जाणे. शेजारी वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन आमचे खजिनदार, आता नव्वदीकडे झुकलेले. तेवढ्यात चहा आला. भाचीनं कप उचलून मला ऐकवलं, "मी त्रिंकास तेओ."

"तेओन," खजिनदार पावतीवरून नजर न काढता म्हणाले. "पितेस ना त्याला? मग न लागतो." आणि मी काही बोलायच्या आत पावती फाडून माझ्यापुढं धरली. "दोनशे. मागच्या वर्षीचे शंभरही राहिलेत."