मागाच्या ठेक्यावर सात गाणी: माझा अनुभव

आठ वर्षं मी एकट्यानंच रॅप केला. तयार बीट लॅपटॉपवर लावायचा आणि रात्री अकरानंतर, बेळगावच्या वडगावातल्या आमच्या गल्लीतले माग थांबले की माइक सुरू करायचा. त्याआधी जमतच नाही. भिंतीपलीकडं धोटा पळत असला की तो प्रत्येक टेकमध्ये येतो. अल्बम करायचं ठरवलं तेव्हा मात्र मला लूप, म्हणजे तोच तुकडा फिरत राहणारा बीट, नको होता. टिळकवाडीत तीन पोरं स्वतःची रॉक गाणी बसवत होती. गिटार, बेस, ड्रम, सगळं होतं, शब्द नव्हते. मी जाऊन भेटलो.

पहिल्या महिन्यात एकही गाणं उभं राहिलं नाही, आणि चूक माझी होती. लूप कधी दम घेत नाही, म्हणून मीही सोळा बार (चार ठोक्यांचा एक बार) ठासून भरायला शिकलो होतो. मिनिटाला ९० ठोके धरले तर सोळा बार म्हणजे जेमतेम ४३ सेकंद. त्यात मी कुठं जागाच सोडायचो नाही. बँडचं तसं नसतं. गिटारवाला एक सूर लांबवतो, ड्रमर ओळीच्या शेवटी काहीतरी भरतो, आणि नेमका तिथंच मी बोलत असायचो. "तू थांबलास तर आम्ही ऐकू येणार की रे," ड्रमर म्हणाला. तो गोकाकचा, घरी कन्नड, मराठी आमच्यात राहून शिकलेला. मी सगळं पुन्हा लिहिलं. जवळजवळ तिसरा हिस्सा शब्द गेले. त्यातल्या काही ओळींचं आजही वाईट वाटतं, पण गाणी त्यानंतरच गाणी झाली.

ड्रमर ठेका धरताना 'ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु' मोजतो. ती मोजणी आम्ही तीन गाण्यांच्या सुरुवातीला तशीच ठेवली.

ड्रम रेकॉर्ड केले उद्यमबागेत, बेसवाल्याच्या मामांच्या शेडमध्ये, रविवारी मशिनं बंद असताना. जुलैत केलेला पहिला प्रयत्न पत्र्यावरच्या पावसानं धुऊन नेला. बेळगावचा पाऊस एकदा लागला की थांबत नाही, म्हणून थेट दिवाळीनंतर बसलो. भिंतींना घरोघरच्या वाकळा टांगल्या. ड्रमच्या डोक्यावर दोन माइक लावायचे तर स्नेअरपासून, म्हणजे मधल्या कडक वाजणाऱ्या ड्रमपासून, दोन्हींचं अंतर सारखं लागतं. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. अंतरात एवढा फरक पडला तरी स्नेअर फुटल्यासारखा, पोकळ वाटतो. आम्ही घरच्या बॉबिनचं सूत घेऊन अंतर मोजलं.

सगळ्यात जास्त दिवस खाल्ले चौथ्या गाण्यानं. त्याचा ठेका म्हणजे आमच्या घरच्या मागाचा आवाज, मी फोनवर टिपलेला. मोजला तर मिनिटाला साधारण ११२ ठोके. क्लिक, म्हणजे कानात वाजणारी ठोक्यांची टिकटिक, ११२ वर लावून त्यावर तो आवाज ठेवला, तर विसाव्या सेकंदालाच माग मागं पडायचा, मग मध्येच पुढं यायचा. आम्ही व्होल्टेजला दोष दिला. कापून सरळ करता आला असता. एक रात्र तेही केलं, पण त्यातला माग मेला, नुसतं टकटक उरलं. शेवटी क्लिक काढून टाकला. ड्रमरनं कानात फक्त माग घेतला आणि तो अडखळेल तिथं स्वतःही अडखळत वाजवलं. अकराव्या टेकला जमलं.

मिक्सिंगच्या वेळी वेगळाच प्रश्न आला. दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात व्यंजनं कळतात, आणि डिस्टॉर्शनची, म्हणजे मुद्दाम फाटक्या आवाजाची, गिटारही तिथंच बसते. ख, घ, ळ गडप. बटणं फिरवून थोडं सुधारलं, पण खरा उपाय गिटारवाल्यानं केला: माझ्या कडव्यात तो तारा तळव्यानं दाबून वाजवायला लागला आणि हुकला, म्हणजे परत परत येणाऱ्या ओळीला, मोकळा सुटला. त्याच सुमारास एका जाणकारानं सल्ला दिला की भाषा जरा प्रमाण करा, बाहेर चालेल. मी आमच्या 'काय करालास'च्या जागी 'काय करतोयस' म्हणून पाहिलं. 'करालास'मध्ये दोन आकार तोंड उघडतात, शब्द गिटारच्या वर राहतो. 'करतोयस' खाली बुडतो. आणि तसं नसतं तरी मी बदललं नसतं. आईशी मी ज्या भाषेत बोलतो ती दुरुस्त करायची कशासाठी?

एक काम वेळेवर केलं ते बरं झालं. रेकॉर्डिंगआधीच चौघांनी कागदावर सह्या केल्या. कायद्यात शब्द, संगीत आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगवेगळे असतात. शब्द माझे, संगीत चौघांचं, रेकॉर्डिंगही चौघांचं. मग प्रत्येक गाण्याला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी, म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख पटवणारा, क्रमांक घेतला आणि भाषेच्या रकान्यात मराठी भरलं.

अल्बम आला त्या दुपारी अप्पा मागावरच होते. मी त्यांच्या कानात इअरफोन घातले आणि चौथं गाणं लावलं. कशाबद्दल आहे, काही सांगितलं नाही. ते मान खाली घालून ऐकत होते. अर्ध्यावर त्यांनी एक इअरफोन काढला.

"ह्यो आपला तीन नंबर हाय नव्हं? त्याचा पट्टा ढिला झालाय, कवापासनं सांगतोय तुला."