रेवडीची वेणीफणी

लांब केसांचं पिल्लू घरात आलं की येणारे जाणारे सगळे ठरलेले प्रश्न विचारतात. चावतं का, शी-शू कुठे करतं, रात्री रडतं का, आणि "केवढ्याला पडलं?" हा तर चपला काढता काढताच. पण ह्या केसांचं रोज काय करता हे कोणी म्हणजे कोणीच विचारत नाही, आणि खरं बघायला गेलं तर पुढची बारा-पंधरा वर्षं रोजचा उद्योग तोच असतो, बाकीचे प्रश्न वर्षभरात आपापले सुटतात.

आमची रेवडी शित्झू जातीची कुत्री आहे. पांढरी, पाठीवर तपकिरी पट्टे, आणि नाकाच्या वरून केस असे चहूबाजूंनी फुटलेत की समोरून बघितलं तर कोणीतरी शेवंतीचं फूल उलटं चिकटवलंय असं वाटतं. ही जात मूळची तिबेटची आणि लाडावली चीनच्या राजवाड्यात, त्यामुळे हिच्या खापरपणजीचे केस विंचरायला माणसं ठेवलेली असणार, आमच्याकडे ते खातं आईकडे आहे. विसाव्या शतकात मधे ही जात जवळजवळ संपलीच होती, आज जगभर जेवढे शित्झू आहेत ते सगळे 14 कुत्र्यांचे वंशज असं सांगतात. त्या चौदातल्या एकाने तरी जरा कमी केस द्यायला काय हरकत होती!

पिल्लू विकणारे तुम्हाला हमखास सांगतात, "मॅडम, ह्याचे केस गळत नाहीत, घर एकदम क्लीन." हे बऱ्यापैकी खरं आहे आणि सगळी गोम त्यातच आहे. केस प्रत्येक कुत्र्याचे गळतात. गल्लीतल्या मोत्याचे किंवा मुधोळचे आखूड केस गळून सरळ जमिनीवर पडतात, झाडू मारला की विषय संपला. शित्झूचा केस वाढतच राहतो आणि गळलेला केस खाली न पडता शेजारच्या केसांत अडकून बसतो, मग त्याच्यात तिसरा, मग धूळ, मग थोडं पाणी, की झाली गाठ. सोफ्यावर केस दिसत नाहीत म्हणजे ते कुत्र्याच्याच अंगावर साठलेत, एवढाच त्याचा अर्थ. गाठ मोठी झाली की खालची कातडी ओढली जाते, हवा लागत नाही, पावसाळ्यात तर आत ओल धरून इन्फेक्शन व्हायला वेळ लागत नाही, आणि मग ग्रुमरकडे, म्हणजे कुत्र्यांचे केस कापणाऱ्याकडे, मशीन लावून पार गोटा करण्यावाचून दुसरा इलाज नसतो.

आता गंमत अशी की रेवडीला सध्या गाठी होतच नाहीत फारशा. तिचे आत्ताचे केस म्हणजे जावळ, मऊ, भुरभुरीत, बोटं फिरवली तरी मोकळे होतात. म्हणून नवरा म्हणतो, "कशाला रोज तिच्या मागे लागता, मोठी झाल्यावर बघू की." पण साधारण दहा-बारा महिन्यांच्या आसपास जावळ जाऊन मोठेपणाचे केस यायला लागतात, जुने नव्यात अडकतात आणि ते काही आठवडे असे असतात की सकाळी विंचरलेल्या कुत्र्याला संध्याकाळी परत गाठी. त्या वेळी पहिल्यांदा ब्रश काढलात तर ब्रश म्हणजे दुखणं हेच समीकरण तिच्या डोक्यात पक्कं बसणार. त्यामुळे आत्ता जे आमच्याकडे रोज चाललंय ते केसांसाठी नाहीच आहे, पाठीवरून ब्रश फिरतो आणि त्याने काही वाईट होत नाही एवढंच तिला पटवायचं आहे, केस विंचरले गेले तर तो बोनस. आणि पटवायला वेळही मोजकाच असतो. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे जे बघतं, ऐकतं, अंगावर अनुभवतं ते "असं असतंच" म्हणून मान्य करून टाकतं, नंतर नव्या गोष्टीकडे आधी संशयाने बघायला लागतं. पिल्लू आपल्या घरी येतं आठ आठवड्यांचं, म्हणजे अर्धी मुदत तिकडेच संपलेली. वर लसीकरण पूर्ण होईपर्यंत बाहेर फिरवायचं नाही, मग घरातच बसायचंय तर हेच करावं.

कसं करतो, तर सुरुवातीला ब्रश नुसताच सतरंजीवर ठेवला. तिने हुंगला, चाटला, दात लावून बघितला, त्यावर उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. मग ब्रशची पाठ, म्हणजे तारा नसलेली बाजू, खांद्याला टेकवायची आणि तुकडा. मग एकदाच फिरवायचा आणि तुकडा. क्रम महत्त्वाचा आहे हां, आधी ब्रश आणि मग खाऊ. उलटं केलं तर खाऊ दिसला की "आता काहीतरी करणार हे लोक" एवढंच ती शिकते आणि चिकनवरचाच विश्वास उडतो. एका गोष्टीमागून दुसरी येते हे कुत्रं मनात जोडून ठेवतं, हा सगळा रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हचाच धडा. (पावलॉव्हना 1904 चं नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी, कुत्र्यांची लाळ मोजता मोजता ही दुसरी गोष्ट हाताला लागली आणि नाव झालं ते तिच्यामुळेच.) जरा जास्त वेळ हवा असेल तेव्हा रबरी मॅटवर दह्याचं बोट फिरवून ठेवतो, ती चाटत बसते. स्टीलच्या ताटलीत दिलं तर ताटली ढकलत ढकलत फ्रीजखाली जाते आणि मागून ब्रश घेऊन आपण. पीनट बटरही चालतं पण डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलंय का ते वाचून घ्यावं, ते कुत्र्यांना विष आहे.

आणि थांबायचं ती कंटाळायच्या आधी. हा भाग आईला अजिबात मान्य नाही.

"अगं पण एकच बाजू झालीये!"

"दुसरी उद्या."

"म्हणजे आज अशी अर्धी विंचरलेली फिरणार घरात? कोणी आलं तर?"

आईचा ह्या विषयातला अनुभव दांडगा आहे. शाळेच्या दिवसांत मला दोन गुडघ्यांत धरून, "मान सरळ, हलायचं नाही," असा दम देत तिने दोन घट्ट वेण्या घातल्यात, त्या इतक्या घट्ट की भुवया दिवसभर वर. पण तिच्या हाताला एक गोष्ट तेव्हापासून माहितीये जी इथे तंतोतंत लागू पडते. गुंता आला की ती गुंत्याच्या वरचे केस मुठीत पकडते, म्हणजे ओढ मुळाशी जात नाही, आणि टोकाकडून सुरुवात करून थोडं थोडं वर येत सोडवते. ग्रुमरसुद्धा हेच सांगतात. खोबरेल लावायचा बेत मात्र मी हाणून पाडला, कारण कुत्रं ते चाटून साफ करतं आणि उरलेल्यावर घरभराची धूळ बसते.

सामान फार लागत नाही. एक पिन ब्रश, एक स्लिकर म्हणजे बारीक वाकड्या तारांचा ब्रश, आणि स्टीलचा कंगवा, अर्धा विरळ आणि अर्धा दाट दातांचा. आई पिसवांसाठी म्हणून तुळशीबागेतून फणीही घेऊन आली आहे, ती तिने माझ्या लहानपणीच्या हिशोबाने घेतली असावी. स्लिकर आधी स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूवर फिरवून बघावा, ओरखडा उठला तर जोर जास्त होतोय, कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते. आणि खरा परीक्षक कंगवा. ब्रश वरवर फिरतो, कुत्रं मस्त फुलून कापसासारखं दिसतं आणि खाली मुळाशी पार नमदा झालेला असतो. म्हणून भांग पाडत पाडत, कातडीची रेघ दिसेल असे केस बाजूला करत, एकेक थर विंचरायचा आणि शेवटी कंगवा न अडकता गेला तरच झालं म्हणायचं. अडकणार तो कानामागे, काखेत, पट्ट्याखाली किंवा मांडीच्या आतल्या बाजूला. केस अगदी कोरडे असताना विंचरले तर तुटतात, आधी पाण्याचा हलका फवारा मारावा. आणि गाठी असताना आंघोळ कधीच नाही, आधी गाठ सोडवायची मग पाणी, कारण भिजून सुकलेली गाठ आवळून बसते आणि मग कात्रीच.

रेवडीचं लसीकरण संपलं की टेकडीवर न्यायचं ठरलंय, आणि वेताळ टेकडीवर पाऊस ओसरल्यावर गवत वाळतं तेव्हा कुसळं काय असतात हे पुण्यातल्या कोणालाही सांगायला नको, आपल्या सॉक्समधून ती उपटता उपटता जीव जातो. तिच्या तर बोटांच्या बेचक्यात आणि कानात जाणार, आणि कुसळ एकदा आत घुसलं की पुढेच सरकतं, मागे येत नाही. त्यामुळे पाय हातात देणं ही गोष्ट तिला यायलाच हवी. आणि नेमकं तिथेच घोडं अडलंय.

पाठ झाली, पोट तर ती स्वतःहून उताणी पडून देते, कान मूड असेल तर. पुढचा पाय पकडला की मात्र नाक चाटते, मग जांभई देते, मग डोळ्यांचा पांढरा कोपरा दिसायला लागतो. हे सगळं ती गुरगुरायच्या कितीतरी आधी सांगत असते, म्हणजे अत्यंत सभ्यपणे. मला सगळ्यात फसवं वाटतं ते ती एकदम दगडासारखी स्तब्ध उभी राहते ते. बघणारा म्हणतो, "वा, किती शहाणी आहे, हलत पण नाही." शहाणी वगैरे काही नाही, घाबरून गोठलीये. सवय झालेलं कुत्रं सैल असतं, चाटतं, मधेच बसकण मारतं, हातावर हनुवटी टेकवतं. म्हणून पायाच्या बाबतीत अजून ब्रश नाहीच, नुसता पंजा हातात घ्यायचा आणि तिने ओढायच्या आत सोडायचा.

डोळ्यांवर येणाऱ्या केसांची शेंडी बांधायला आता हळूहळू सुरुवात होईल, त्याला साधं रबर नाही चालत, केस तुटतात, लॅटेक्सची बारीक रबरं मिळतात. आईच्या डोक्यात आतापासून गजरा आहे, त्यावर मी काही बोलत नाही.

बाकी थोडं थोडं आणि रोज हे तत्त्व आईने अखेर स्वीकारलंय, पण आपल्या पद्धतीने. ब्रश आता कपाटात नसतो, टीव्हीखाली असतो, कारण संध्याकाळच्या सिरियलच्या एका ब्रेकमध्ये एक कान बरोबर होतो म्हणे. जाहिराती लागल्या की रेवडी उठून आपणहून आईच्या पायाशी जाऊन बसते, सिरियल परत सुरू झाली की सुटका. परवा नवऱ्याने मॅच बघताना ब्रेकमध्ये आवाज बंद केला तर दोघीही त्याच्याकडे बघायला लागल्या.