बारा मशीन आणि एक शोध

2003 साली बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून आम्ही दोघींनी ग्नुटेला घेतलं, म्हणजे एकमेकांच्या मशीनवरच्या फाइल शोधून उतरवून घ्यायची व्यवस्था. गाण्यांच्या फाइल वाटणारं नॅपस्टर 2001 मध्ये कोर्टाच्या आदेशामुळे बंद पडलं, कारण कोणाकडे काय आहे याची यादी त्यांच्याच सर्व्हरवर होती. ग्नुटेलात अशी यादीच नाही. नलसॉफ्ट नावाच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या मंडळींनी मार्च 2000 मध्ये ते नेटवर टाकलं. त्यांची मालक कंपनी एओएलनं दुसऱ्याच दिवशी ते काढायला लावलं, पण तोवर लोकांनी उतरवून घेतलं होतं. (‘ग’चा उच्चार करायचा नसतो. आमच्या गाइड मॅडम शेवटपर्यंत करत राहिल्या.)

लॅबमधली बारा मशीन मिळाली, तीही संध्याकाळी पाचनंतर. प्रत्येक मशीन चार शेजाऱ्यांना जोडलेलं. एकानं विचारायचं, शेजाऱ्यांनी आपापल्या फोल्डरमध्ये बघायचं आणि प्रश्न पुढे ढकलायचा. कागदावर एवढंच होतं.

पहिले दहा दिवस तर काहीच चाललं नाही. प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला 23 बाइट असतात: 16 बाइटचा ओळख क्रमांक, मग निरोपाचा प्रकार, किती उड्या (एका मशीनवरून दुसऱ्यावर जाणं म्हणजे एक उडी) उरल्या, किती झाल्या आणि शेवटच्या चार बाइटमध्ये पुढच्या मजकुराची लांबी. ही लांबी उलटी लिहितात, कमी किमतीचा बाइट आधी. आमचा जावाचा प्रोग्राम ती सुलटी वाचत होता. मी ‘पुरणपोळी’ शोधली, इंग्रजीत नऊ अक्षरं, सगळं धरून मजकूर 12 बाइट. समोरचं मशीन मात्र 20,13,26,592 बाइटची वाट बघत बसलं. त्या दहा दिवसांत आम्ही केबल बदलल्या, हब (सगळ्या केबल जिथे एकत्र येतात तो डबा) बदलला, एकमेकींशी भांडलोही.

ते सुटलं आणि शोध पसरला. पसरला म्हणजे काय, हबचे दिवे लुकलुकायचे थांबून सरळ जळतच राहिले. उड्यांची मर्यादा नेहमीप्रमाणे 7 ठेवली होती, त्यामुळे निरोप कधीतरी मरणार हे आम्ही गृहीत धरलेलं. पण प्रत्येक मशीन आलेला प्रश्न उरलेल्या तिघांना देत होतं, आधी ऐकलाय की नाही हे न बघता. वहीवर गणित मांडलं: 4, 12, 36 असं सातव्या उडीपर्यंत, एकूण 4,372 निरोप. बारा मशीनमध्ये! आणि आम्ही तर चाचणीसाठी सगळीकडून एकदम शोध सोडत होतो.

उपाय प्रोटोकॉलमध्येच, म्हणजे ग्नुटेलाच्या नियमांतच, लिहिलेला होता, आम्ही तो वाचताना ओलांडला होता. ओळख क्रमांक लक्षात ठेवायचा, तोच पुन्हा आला तर टाकून द्यायचा. मग विचारणारा चौघांना सांगतो, बाकीचे अकरा जण प्रत्येकी तिघांना. 37 निरोपांत काम झालं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट परतीची. शोधाच्या निरोपात विचारणाऱ्याचा पत्ताच नसतो. मग उत्तर जाणार कुठे? आल्या पावली परत. प्रत्येक मशीन एवढंच लक्षात ठेवतं की अमुक क्रमांकाचा प्रश्न मला कोणत्या शेजाऱ्यानं दिला. उत्तर त्याच्याच हातात द्यायचं, पुढचं तो बघेल. प्रश्न मुळात कोणाचा होता हे, पहिला शेजारी सोडला तर, मधल्या कोणालाच कळत नाही.

तोंडी परीक्षेसाठी आम्ही प्रत्येक उडीला दोन सेकंदांचा मुद्दाम उशीर घातला होता, म्हणजे शोध पसरताना डोळ्यांना दिसावा. बाहेरून आलेल्या सरांनी पहिल्या मशीनवरून स्वतः शोध सोडला. फाइल अकरा नंबरवर होती. शोध सात नंबरमधून अकरावर पोचल्याचं पडद्यावर दिसताच ते उठले आणि शांतपणे सात नंबरवरचा प्रोग्राम बंद केला.

पहिल्या मशीनवर काहीच आलं नाही.

“तीन नंबरसुद्धा अकराला जोडलेला आहे ना? मग उत्तर तिकडून का नाही आलं?”

मी अकरा नंबरची नोंद उघडून दाखवली. तोच शोध तीन नंबरकडूनही आला होता, फक्त थोडा उशिरा. आणि आधी ऐकलेला म्हणून आमच्याच प्रोग्रामनं तो टाकून दिला होता, तीन नंबरच्या वाटेसकट. त्याखाली, पार्टनरनं कधीतरी रात्री वैतागून लिहिलेला संदेश तसाच छापलेला होता: ‘वाट मोडली, उत्तर फेकलं, घरी जा.’

सर हसले. मॅडम नाही हसल्या.