दोन 'ॲज'पैकी पहिला कुठे हरवतो?

सोलापुरातल्या मराठी माध्यमाच्या वह्या तपासताना हे वाक्य हमखास सापडतं: 'बार्शी इज हॉट ॲज सोलापूर.' पहिला 'ॲज' गायब! कारण मराठीतच आहे. आपण 'बार्शी सोलापूरइतकीच तापते' म्हणतो. 'इतकी' एकदाच येते आणि तीही नावाला चिकटून. इंग्रजीत मात्र विशेषणाच्या दोन्ही बाजूंना 'ॲज' हवा: 'बार्शी इज ॲज हॉट ॲज सोलापूर.' म्हणून आधी 'ॲज हॉट ॲज', 'ॲज चीप ॲज' एवढे तुकडेच तोंडात बसवावेत, गावांची नावं नंतर जोडावीत.

मधलं विशेषण मूळ रूपातच राहतं. 'ॲज हॉटर ॲज' चूक, 'ॲज हॉट दॅन'ही चूक. 'दॅन' फक्त 'हॉटर'सोबत.

संख्या किंवा प्रमाण सांगायचं असेल तर नाम दोन 'ॲज'च्या मध्ये येतं. चादरी मोजता येतात, म्हणून 'ॲज मेनी चादर्स ॲज'. शेंगाचटणीतलं तेल मोजता येत नाही, म्हणून 'ॲज मच ऑइल ॲज'. दुप्पट म्हणायचं तर 'ट्वाइस' पहिल्या 'ॲज'च्याही आधी: 'धिस चादर इज ट्वाइस ॲज हेवी ॲज दॅट वन.' नुसतं 'ट्वाइस हेवी' लिहून भागत नाही.

खरी गडबड नकारात होते. 'बार्शी इज नॉट ॲज बिग ॲज सोलापूर' याचा अर्थ बार्शी लहान. डिग्री, म्हणजे विशेषणाचं तुलनेचं रूप, बदलताना मुलं नुसता 'नॉट' काढतात आणि 'बार्शी इज बिगर दॅन सोलापूर' लिहून मोकळी होतात. अर्थ पार उलटा. नकार काढला की नावांची अदलाबदल करायलाच हवी: 'सोलापूर इज बिगर दॅन बार्शी.'

परीक्षेतलं नेहमीचं रूपांतर बघा. 'सोलापूर इज द बिगेस्ट सिटी इन द डिस्ट्रिक्ट' हे वाक्य पॉझिटिव्ह डिग्रीत, म्हणजे विशेषणाच्या मूळ रूपात, न्यायचं आहे. सुरुवात 'नो अदर'ने, पुढे एकवचनी नाम, एकवचनी क्रियापद, मग 'ॲज बिग ॲज', आणि मूळ कर्ता शेवटी: 'नो अदर सिटी इन द डिस्ट्रिक्ट इज ॲज बिग ॲज सोलापूर.' इथे 'अदर' गाळू नये, कारण सोलापूरही जिल्ह्यातलंच शहर आहे; 'अदर' नसेल तर त्याची तुलना त्याच्याशीच होते. 'सिटीज' लिहून पुढे 'इज' ठेवणं ही इथली दुसरी नेहमीची चूक.

वरच्या वर्गांत एक गोष्ट आवर्जून शिकवायला हवी, पुस्तकी सरावात ती हटकून राहून जाते. 'शी लाइक्स मीना ॲज मच ॲज मी' याचा काटेकोर अर्थ, तिला मीना जितकी आवडते तितकीच मीही आवडते. पण बोलताना लोक हेच वाक्य 'मला मीना आवडते तितकीच तिलाही' अशा अर्थानेही वापरतात. हा दुसरा अर्थ हवा असेल, तर शेवटी क्रियापद लिहून टाकावं: 'ॲज मच ॲज आय डू.'