रुपया टाकल्याशिवाय

मुस्तफा खेळायला आज लागतं काय? एक मोबाइल आणि रिकामा अर्धा तास. कॅपकॉमने १९९३ साली काढलेल्या या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण आमच्या गावच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ते कुणी उच्चारल्याचं आठवत नाही. गेममधल्या चौघा हिरोंतला सगळ्यात चपळ मुस्तफा, म्हणून अख्खा गेमच मुस्तफा. एवढं असूनही मी त्याच्यासाठी पार्लरमधल्या मशिनसारखं, अठरा एमएम प्लायचं, माणसाच्या उंचीचं खोकं करून घेतलं. अर्धं काम झाल्यावर सुताराने विचारलंच, "दादा, देवघर असेल तर कळस कुठे बसवायचा?"

खोक्यात जुना पीसी, जुना मॉनिटर आणि निकोला साल्मोरिया या इटालियन माणसाने १९९७ साली सुरू केलेलं 'मेम' हे सॉफ्टवेअर. ते जुन्या आर्केड मशिनची, म्हणजे पार्लरमधल्या नाणं टाकून खेळायच्या मशिनची, हुबेहूब नक्कल करतं. (गेमच्या कॉपीराइटचा प्रश्न वेगळा, आणि तो मिटलेला नाही.) खरी मजा मात्र हाताखालच्या फळीत आहे. जॉयस्टिक उलटी करून बघा. बुडाशी चार मायक्रोस्विच दिसतील. दांडा वर ढकलला की त्याचं टोक आतून खाली सरकतं आणि दाबला जातो खालचा स्विच. म्हणजे 'वर'ची वायर खाली जोडायची! प्रत्येक स्विचची एक वायर एन्कोडर नावाच्या सर्किटवर आपापल्या जागी जाते. दुसरी काळी, ती एका स्विचवरून दुसऱ्यावर ओवत ग्राउंडला, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक टोकाला. एन्कोडर ही तळहाताएवढी सर्किटची पाटी. यूएसबी लावली की पीसीला वाटतं, कीबोर्डच आलाय.

मग सरळ जुना कीबोर्ड फोडून त्याचीच पाटी का वापरू नये? वापरतात लोक, स्वस्तात पडतं. पण कीबोर्डात कळा आडव्या-उभ्या ओळींवर वाटलेल्या असतात. दोघांनी मिळून बटणं बदडायला लागलं की पाटी गोंधळते आणि ऐन मारामारीत एखादी बुक्की गायब होते. भावाभावांत भांडण लागायला तेवढं पुरतं.

नाणं टाकण्यासाठी मेममध्ये कीबोर्डवरचा ५ ठरलेला आहे. तो दाबत राहायचा, रुपयेच रुपये. माझ्या मते गेमची माती इथेच होते. पार्लरमध्ये शेवटचा रुपया आत गेला की हात वेगळेच चालायचे. मेल्यावर स्क्रीनवर उलटे आकडे सुरू, आणि आपण चड्डीचे खिसे चाचपतोय, शेजारच्याकडे आशेने बघतोय. घरी कसलं काय! मेलात, ५ दाबा, उठा. मुलांनी शेवटचा बॉस मारला आणि "जेवायला काय आहे?" म्हणत उठली.

तेव्हा मी नाण्याची खरी फट बसवली. यंत्र साधं आहे. आत नमुन्याचं एक नाणं अडकवून ठेवायचं. टाकलेलं नाणं त्याच्याशी जुळलं तर पोटात घेतं आणि एन्कोडरला खूण करतं, नाही तर परत ओकतं. पंचाईत आपल्या रुपयाची. १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया २५ मिलीमीटरचा, २०११ पासूनचा जेमतेम २२ चा. नमुना एकच, म्हणजे जातही एकच निवडावी लागते. मी छोटा निवडला. आता मुलांना मोजून रुपये मिळतात, आणि धाकटी चक्क कोपऱ्यात दबा धरून खेळते.

पण सगळीकडे स्कॅन करून पैसे देणाऱ्या घरात सुटे रुपये येणार कुठून? वाण्याकडून मागून आणलेले रुपये मशिनवरच्या वाटीत असतात, आणि लग्नसराई आली की वाटी आपोआप आटते. पाचशे एकाच्या आहेरातला वरचा एक बायको तिथूनच उचलते. मे महिन्यात मुस्तफा जवळजवळ बंदच असतो. मुलं पत्रिका आली की आधी तारीख बघतात, मग कपाळाला हात लावतात.