स्थगिती नसलेलं अपील

लवादाचा निवाडा आमच्या अशिलाच्या विरुद्ध गेला होता. तो रद्द करण्याचा, लवाद कायद्याच्या कलम 34 चा अर्ज पुण्याच्या कोर्टानं फेटाळला, म्हणून त्याच कायद्याच्या कलम 37 खाली मुंबई उच्च न्यायालयात अपील टाकलं. त्यानंतर काही दिवसांतच दिवाळखोरी संहितेच्या कलम 8 ची मागणी नोटीस, म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज करण्याआधी थकबाकी मागणारी नोटीस आली, तीही ईमेलनं. अकाउंट्समधल्या मुलाला ती वसुलीची नेहमीची धमकी वाटली. हिला दहा दिवसांत उत्तर द्यायचं असतं, हे त्या खात्यात सहसा कुणाला ठाऊक नसतं. माझ्याकडे पोचली तेव्हा मुदत संपत आली होती.

समोरचे गृहस्थ फॅब्रिकेशनचे ठेकेदार. मुद्दल कोटीच्या आत, पण निवाड्यातलं व्याज धरून आकडा एक कोटीच्या वर गेला होता. मार्च 2020 पासून एनसीएलटीचं, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीचे अर्ज ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाचं, दार त्याच्याखाली उघडत नाही.

उत्तर द्यायला कायदा आमच्या बाजूनं होता. 2018 च्या के. किशन विरुद्ध विजय निर्माण या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की 34 आणि 37 ची प्रक्रिया संपेपर्यंत वाद जिवंत असतो आणि दिवाळखोरीची कारवाई वसुलीसाठी वापरता येत नाही. एकच फट ठेवली आहे: आव्हान उघडउघड मुदतबाह्य असेल तर हा बचाव नाही. त्यामुळे सगळं तारखांवर आलं. अपील नोटिशीच्या आधीचं हवं, आणि साठ दिवसांच्या आतलं हवं. व्यापारी वादातलं 37 चं अपील साठ दिवसांतच करायचं असतं, हे 2021 च्या बोर्से ब्रदर्स निकालानं पक्कं केलं. आमच्या अपिलाला तेव्हा फक्त स्टॅम्प नंबर, म्हणजे नोंदणीआधीचा तात्पुरता क्रमांक होता; ऑफिस ऑब्जेक्शन्स, म्हणजे कागदपत्रांतल्या त्रुटींवरच्या कार्यालयाच्या हरकती, दूर व्हायच्या होत्या. म्हणून उत्तराला अपिलाची प्रत, फाइलिंगची तारीख दाखवणारं केस स्टेटस आणि 34 च्या हुकमाची प्रमाणित प्रत जोडली. ती प्रत कधी मागितली, कधी मिळाली, याच्या शिक्क्यांसकट. नवव्या दिवशी उत्तर रवाना झालं. त्या उत्तराचा मला आजही अभिमान आहे.

तरीही त्यांनी दिवाळखोरी संहितेच्या कलम 9 चा, कारवाई सुरू करण्याचा अर्ज एनसीएलटीत केलाच. कफ परेडच्या एमटीएनएल इमारतीत सुनावणी झाली. ऑब्जेक्शन्स दूर न झालेलं अपील म्हणजे अपीलच नव्हे, असं समोरच्या वकिलांनी सांगून पाहिलं. ते टिकलं नाही. अर्ज फेटाळला गेला.

बाहेर ते ठेकेदार माझ्याकडेच आले. "मॅडम, निवाडा माझ्या बाजूनं आहे ना? मग पैसे मागायचे कुठं?"

उत्तर मला माहीत होतं. आमच्या अपिलात स्थगिती नव्हतीच. रक्कम जमा करायला लागेल म्हणून अशिलानं ती मागू दिली नव्हती. 2015 च्या दुरुस्तीनंतर नुसतं आव्हान दिल्यानं निवाडा थांबत नाही. निवाड्याच्या अंमलबजावणीची साधी दरखास्त टाकली असती तर आमची बँकखाती जप्त करता आली असती. पण दरखास्त म्हणजे वर्षानुवर्षांचं रखडणं, त्यापेक्षा 'एनसीएलटीची भीती घाला, चेक येतो' हे विकायला सोपं. हल्ली निम्मी वकिली त्यावर चालते.

"तुमच्या वकिलांना विचारा," एवढंच मी म्हणाले. विरुद्ध पक्षाच्या माणसाला, त्याचा वकील पाच पावलांवर उभा असताना, याहून जास्त सांगता येत नाही. सांगितलं असतं तर तो माझ्या अशिलाचा विश्वासघात झाला असता. हे मला पटतं. तरी त्यांचा प्रश्न अधूनमधून आठवतो.

पुढे त्यांनी वकील बदलला, दरखास्त आली आणि अशिलाची स्थगितीसाठी धावाधाव झाली. तो अर्जही मीच केला. रक्कम जमा करण्याच्या अटीवर स्थगिती मिळाली. ठेकेदारांना ते पैसे बँक गॅरंटी देऊन काढता येतील, असंही हुकमात आहे. पण गॅरंटीसाठी बँक आधी मार्जिन आणि तारण मागते. माझ्या माहितीप्रमाणे रक्कम अजून कोर्टाच्या रजिस्ट्रीतच पडून आहे, आणि अपील सुनावणीच्या बोर्डावर यायचं आहे.