कुठल्या पंख्यानं कुणाचं ऐकायचं

गेम सुरू केला की माझ्या पीसीच्या कॅबिनेटमधले पंखे प्रोसेसरकडे बघून पळायचे आणि तापायचं मात्र ग्राफिक्स कार्ड. सगळ्या आवाजाचं मूळ एवढ्यातच होतं. रायझन ५ ५६०० हा ६५ वॅटचा प्रोसेसर, तर आरएक्स ६६०० हे १३२ वॅटचं कार्ड. खेळताना डब्यात जी उष्णता साठते तिचा मोठा वाटा कार्डाचाच. पण माझ्या मदरबोर्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, कॅबिनेटच्या पंख्यांना तापमान विचारायला दोनच ठिकाणं आहेत, प्रोसेसर आणि खुद्द बोर्ड. त्यामुळे कार्ड चांगलं तापलं तरी पुढचे पंखे निवांत, आणि नुसता ब्राउझर उघडला तरी प्रोसेसर क्षणभर उसळी घेतो म्हणून तेच पंखे घर डोक्यावर घेणार.

आमचं घर बेळगावात, वडगावला. दिवसभर गल्लीत मागांची खटखट असते, तेव्हा पंख्याचा आवाज कुणाला ऐकूही येत नाही. रात्री माग थांबले की तोच आवाज भिंतीपलीकडे जातो. पलीकडे आई झोपते. "ते घुंघुं बंद कर की रे जरा, डोळा लागंना झालाय," असं ती म्हणायची आणि तिचं खरंच होतं. पीसी जोडून देणाऱ्या दुकानदारांचं मत असं की लिनक्सवर पंखे हातात येत नाहीत, विंडोज टाका. मला ते पटलं नाही. स्टीमवरचे माझे विंडोजचे गेम प्रोटॉन या सोयीतून माझ्या लिनक्स मिंटवर व्यवस्थित चालतात. नुसत्या पंख्यांसाठी सिस्टीम बदलायचा विचारही मनात आला नाही.

पहिलं काम म्हणजे एलएम-सेन्सर्स, तापमान आणि पंख्यांचे वेग दाखवणारा प्रोग्राम. ते घालून 'सेन्सर्स' ही कमांड दिली तर प्रोसेसर, कार्ड आणि एनव्हीएमई डिस्क यांची तापमानं दिसली, पण पंखा एकच, कार्डावरचा. बाकीचे पंखे मदरबोर्डावरच्या एका निराळ्या चिपच्या ताब्यात असतात आणि तिचा ड्रायव्हर चढल्याशिवाय लिनक्सला ते दिसत नाहीत. 'सेन्सर्स-डिटेक्ट' चालवलं, त्याच्या प्रत्येक प्रश्नाला एंटर दाबत गेलो, तेव्हा चिप सापडली. नुव्होटॉनची एनसीटी६७९८डी, ड्रायव्हर एनसीटी६७७५.

तरी ड्रायव्हर चढेना. कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश वाचल्यावर कळलं की चिपचा पत्ता एसीपीआयनं, म्हणजे बोर्डाच्या फर्मवेअरच्या व्यवस्थेनं, आधीच आपल्या नावावर घेतलेला आहे. त्यावर उपाय म्हणजे ग्रब या लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये 'एसीपीआय एन्फोर्स रिसोर्सेस'ची किंमत 'लॅक्स' करणं. मी तो केला आणि माझ्याकडे तो बिनतक्रार चालतोय. पण हे डोळे झाकून करण्यासारखं नाही. त्यामुळे बोर्डाचं फर्मवेअर आणि लिनक्सचा ड्रायव्हर एकाच चिपला एकाच वेळी हात घालू शकतात. आपल्या बोर्डाच्या मॉडेलवर इतरांना काय दिसलं ते आधी नीट वाचून घ्यावं.

यानंतरचा भाग मला सगळ्यात आवडला. लिनक्समध्ये पंखा म्हणजे एक फाइल. 'सिस', 'क्लास', 'एचडब्ल्यूमॉन' अशा वाटेनं आत गेलं की 'पीडब्ल्यूएम२' नावाची फाइल दिसते आणि तिच्यात ० ते २५५ मधला आकडा असतो. शेजारच्या 'पीडब्ल्यूएम२ एनेबल'मध्ये १ लिहिला की पंखा आपल्या हातात, आणि या चिपवर पुन्हा ५ लिहिला की बायोसनं ठरवल्याप्रमाणे चालू. बाजूचं झाकण काढून मी टॉर्च धरून बसलो. २५५ वर पात्यांचं नुसतं काळं चक्र दिसत होतं. आकडा उतरवत गेलो तसं ते फिकं झालं, मग एकेक पातं सुटं दिसू लागलं आणि शेवटी पंखा हलकेच थबकला. आता तोच आकडा परत दिला तर तो हलेना. बराच वर नेल्यावर एक झटका खाऊन फिरायला लागला. थांबलेल्या पंख्याला उचलायला जास्त जोर लागतो, म्हणूनच फॅनकंट्रोल या पंखे चालवणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये 'मिनस्टार्ट' आणि 'मिनस्टॉप' असे दोन वेगळे आकडे असतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की ती फाइल आपोआप वाचता येते.

तीन पिनांचा आणि चार पिनांचा पंखा यांतला फरकही इथंच बघून घ्यावा. चार पिनांच्या पंख्याला वेगासाठी वेगळी तार असते. तीन पिनांचा पंखा फक्त व्होल्टेज कमी केलं तरच हळू होतो. त्याचा हेडर, म्हणजे बोर्डावरची जोडणी, डीसीवर (व्होल्टेज बदलून वेग ठरवण्यावर) नसेल तर काहीही लिहा, तो पूर्ण वेगानंच पळणार. माझा मागचा पंखा तसला होता. बायोसमध्ये जाऊन तो हेडर डीसीवर आणला आणि निम्मा आवाज तिथंच गेला.

फॅनकंट्रोल हा जुना आणि भरवशाचा मार्ग, पण माझी गरज त्यानं भागली नाही. एका पंख्याला तो एकाच तापमानाशी बांधतो. शिवाय रीबूटनंतर एचडब्ल्यूमॉनचे क्रमांक इकडचे तिकडे झाले की सेटिंग जुनं झालं म्हणून चालायलाच नकार देतो. म्हणून मी कूलरकंट्रोल घातलं. त्यात 'मिक्स' नावाचं प्रोफाइल आहे. प्रोसेसर आणि कार्ड यांच्यासाठी दोन वेगळे आलेख काढायचे आणि दोघांत जो जास्त वेग मागेल तो पंख्याला द्यायचा. मला नेमकं हेच हवं होतं. पुढचे दोन्ही पंखे आता कार्डाचंही ऐकतात. ५० अंशांपर्यंत ३५ टक्के, ७० ला ६० टक्के, त्यापुढे चढत ८५ ला पूर्ण. कार्डावरचे स्वतःचे पंखे मात्र मी कार्डाकडेच ठेवले, कारण डब्यात गार हवा आली की ते आपणहून शांत होतात.

आलेखाइतकाच महत्त्वाचा आहे तो उशीर. रायझनचं तापमान सेकंदाभरात दहा-पंधरा अंश उडी मारतं आणि लगेच खाली येतं. पंखा त्याच्यामागं धावला तर घूं-शांत-घूं असं चालतं, आणि झोपलेल्या माणसाला एकसुरी आवाजापेक्षा हाच जास्त त्रास देतो. काही सेकंद तापमान टिकलं तरच वेग बदलायचा, अशी सोय कूलरकंट्रोलमध्ये आहे. ती मी आवर्जून लावली.

किमान वेग कधी शून्यावर ठेवला नाही. कूलरकंट्रोलची सेवा, म्हणजे त्याचा मागे सतत चालणारा भाग, मध्येच बंद पडली तर पंखा शेवटच्या आकड्यावर अडकू शकतो, तो आकडा तरी हवा खेळती ठेवणारा असावा. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते-येते, म्हणून मशीन सुरू झाल्याबरोबर ही सेवा आपोआप उठेल असंही करून घेतलं.

बाकी वडगावचा खरा शत्रू म्हणजे सुताचे बारीक तंतू. पुढच्या जाळीवर त्यांचा असा थर बसतो की बोटानं ओढला तर चिंधीसारखा सलग निघतो, आणि पावसाळी दमटपणात तो अजूनच चिकटतो. जाळी तुंबली की कुठलाही आलेख काढा, तापमान चढणारच. म्हणून आत हवा घेणारे पंखे दोन आणि बाहेर टाकणारा एक ठेवलाय. डब्यात हवेचा दाब थोडा जास्त राहतो आणि हवा फटींतून न शिरता जाळीतूनच येते. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवावं, नाहीतर तो भलत्याच वेगानं फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं.

आता खानापूरच्या मामेभावाचं मशीन हातात घेतलंय. त्याच्या बोर्डावर नुव्होटॉन नाही, आयटीईची चिप आहे, आणि कर्नलबरोबर येणारा आयटी८७ ड्रायव्हर ती ओळखत नाही. त्याच ड्रायव्हरची वेगळी आवृत्ती डीकेएमएसनं बसवली, म्हणजे कर्नल बदलला तरी ती नव्यानं तयार होते. पंख्यांचे आकडे दिसायला लागलेत. या रविवारी त्याचे आलेख काढायला बसणार आहोत.